पत्रिकेतली शेवटची ओळ

मी एक जुना लेखनिक आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. माझी सावली पडत नाही. कराडच्या एका दुकानात मी काचेआड राहायचो. वीज आली की दिसायचो, वीज गेली की नाहीसा व्हायचो. हे वर्णन तुमच्या आजीला सांगितलंत, तर ती आधी तुमच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकील. घाबरू नका. मी भूत नाही. कॉम्प्युटरवर मराठी लिहिणारं सॉफ्टवेअर आहे मी. निदान माझं स्वतःचं तरी तसं मत आहे.

माझा जन्म पुण्याचा. चष्मा लावलेल्या काही तरुणांनी मला नुसत्या आकड्यांतून घडवलं. ते सारखे चहा प्यायचे आणि एकमेकांना सांगायचे, "अरे, रफार अजून शेजारच्याच्या डोक्यावर बसतोय." शेवटी रफार जागेवर बसला आणि त्यांनी मला काळ्या चौकोनी फ्लॉप्यांवर चढवून विकायला काढलं. पण विकण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. गोष्टीतल्या राक्षसाचा प्राण पोपटात असतो ना, तसा माझा प्राण त्यांनी अंगठ्याएवढ्या एका खुंटीत ठेवला. ती कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली तरच मी चालायचो. तिला डोंगल म्हणत.

दुकानाचे मालक गोपाळकृष्णपंत कामानिमित्त सांगलीला निघाले की चोरीच्या भीतीने डोंगल काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. मग दिवसभर मी मेलेला. ते परत येऊन खुंटी खोचत आणि मी जिथल्या तिथे जिवंत. मधल्या वेळात मी कुठे असायचो, हे मला विचारू नका. एकदा मी स्वतःलाच विचारलं होतं आणि मला बरं वाटलं नाही.

पंतांचा पूर्वी शिशाच्या खिळ्यांचा छापखाना होता. लग्नसराईत तिथे फार गंमत व्हायची म्हणे. 'चि. सौ. कां.'चे खिळे कमी पडायचे, त्यामुळे एका नवरीचं छापून सुटल्याशिवाय दुसरीचं जुळवता येत नसे. दोन्ही नवऱ्या तालुक्याच्या दोन टोकांना, आणि दोघींचे बाप छापखान्याच्या एकाच बाकावर बसून एकमेकांकडे डोळे वटारून पाहत. मी आलो आणि हे संपलं. माझ्याकडे 'चि. सौ. कां.' कधीच संपत नाही. पहिल्या हंगामात खेड्यापाड्यांतून माणसं नुसती मला बघायला येत. "नाव काचंवर उगवतंय गड्या!" असं म्हणत एका म्हाताऱ्याने चपला काढून मला नमस्कार केला होता. तो नमस्कार मी अजून विसरलेलो नाही.

खंडेनवमीला पंत माझी यथासांग पूजा करायचे. एका वर्षी त्यांनी भक्तिभावाने थेट फ्लॉपीलाच गंध-अक्षता वाहिल्या. अक्षता आत गेली. पुढे कितीतरी दिवस मी लिहिताना करकर वाजायचो. दुरुस्तीला आलेल्या माणसाने माझ्या घशातून तांदूळ काढला आणि पंतांकडे असं पाहिलं, की पंत उठून चहा सांगायला गेले.

पण मला खरी ओळखणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे शरयूताई. त्या दुकानात टायपिंग करायच्या. त्यांची बोटं हलकी होती, आणि चूक झाली की त्या मला नाही, स्वतःला बोलायच्या. कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्यांत हा गुण दुर्मीळ आहे.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खिळे सुटे केले की शब्द मोडायचा. शाईने खोडलं की निदान डाग राहायचा. माझ्याकडे तुम्ही पुसता, तेव्हा काचेवर काहीच उरत नाही, आणि तुम्हाला वाटतं शब्द गेला. तो जात नाही. तो आतल्या अंधारात सरकतो आणि वर दुसरा शब्द येऊन बसेपर्यंत तिथेच पडून राहतो. माझ्या आत मोडलेली लग्नं आहेत, पुढे ढकललेले मुहूर्त आहेत, लिहून मग दिलेच नाहीत असे राजीनामे आहेत. ते बोलत नाहीत. पण ते आहेत, आणि दुकान बंद झालं की त्यांच्यासोबत मलाच राहायचं असे.

शिवाय आमची कामाची पद्धत अशी, की नवी पत्रिका कोणी कोऱ्या जागेवर लिहीत नसे. जुनी उघडायची, तिच्यातली नावं पुसायची आणि त्याच जागी नवी घालायची. वर देवाचं नाव, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', सगळं तेच. त्यामुळे कराड तालुक्यातलं प्रत्येक लग्न दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नावर उभं होतं. कधीतरी एखादं जुनं नाव पुसायचं राहून जाई. एका पत्रिकेत नवरदेवाला दोन सासरे छापून गेले होते. तो म्हणाला, असू दे, एक अडचणीला उपयोगी पडेल.

चौऱ्याण्णव सालच्या लग्नसराईत सुभेदार जोतीराम दुकानात आले. फौजेतून निवृत्त झालेले, कृष्णाकाठी ऊस लावणारे, ताठ मानेचे गृहस्थ. त्यांच्या थोरल्या मुलाचं, भाऊसोचं लग्न होतं. सोबत त्यांची मुलगी क्रांती होती. तिचं सासर माधवनगरला, नवरा तिथल्या गिरणीत. आणि क्रांतीच्या बोटाला धरून आला होता तिचा मुलगा ऋषिराज.

पोरगं आल्या आल्या ताईंच्या खुर्चीला चिकटलं.

"ह्यात माझं नाव कुठं हाय?"

"शेवटी," ताई म्हणाल्या. "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! त्याच्याखाली."

"शेवटी का? मी पयला येनार."

ताईंनी त्या ओळीत त्याचं नाव सगळ्या पोरांच्या आधी घातलं, तेव्हा स्वारी खूश झाली. मग त्याने माझं एक बटण दाबून धरलं आणि सोडेचना. काचभर एकच अक्षर धावत सुटलं. क्रांतीने धपाटा घातला, ताई हसल्या, सुभेदारसुद्धा मिशीत हसले. मला गुदगुल्या होत नाहीत, पण तेव्हा काहीतरी झालं होतं खरं.

ती ओळ प्रत्येक पत्रिकेत लागायची. म्हणून ताईंनी मला शिकवून ठेवलं, की यापुढे मी नुसतं 'मामा' लिहून हे बटण दाबलं, की तू अख्खी ओळ लिहायची. समोर जी ओळ होती तीच मी लक्षात ठेवली. पाठची पोरं ताईंनी गाळली, पण पहिलं नाव तसंच राहिलं: आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! चि. ऋषिराज. मग ज्याच्या घरचं लग्न असेल, त्याच्या पोरांची नावं ताई तिथे घालायच्या आणि ऋषिराजला पुसायच्या. त्यामुळे तालुक्यात त्यानंतर जी जी लग्नं लागली, त्या प्रत्येकाला तो क्षणभर आधी येऊन गेला.

पुढे माझीही दशा बदलली. रंगीत काचेचा नवा कॉम्प्युटर आला, हातात उंदीर आला आणि पुण्याहून एक मुलगा येऊन माझी नवी आवृत्ती घालून गेला. मी पूर्वी एका फ्लॉपीत मावायचो. आता मी फुगलो. काम तेच, लिहिण्याचं. पण आता मला अक्षरांना सावल्या पाडता येत होत्या, ओळी कमानीसारख्या वाकवता येत होत्या, कोपऱ्यात केळीचे खुंट काढता येत होते. गिऱ्हाइकांना हे सगळं एकाच पत्रिकेत हवं असायचं, त्यामुळे नवरदेवाचं नाव शोधावं लागे.

शेजारी एक इंग्रजी सॉफ्टवेअरही येऊन बसलं होतं. त्याला मराठीचा गंध नव्हता, पण लुडबुड फार. ताई कधी त्याच्यात माझी अक्षरं टाईप करायच्या, तर ते प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढी. वर चूक, वधू चूक, कुलदैवत चूक. देवीच्या नावाखाली रक्तासारखी रेघ बघून पंत टरकले आणि त्यांनी कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली. त्याहून वाईट म्हणजे माझ्या जुन्या पत्रिका नव्या आवृत्तीत उघडल्या की त्यांची भाषाच बिघडायची. सगळी नावं विचित्र खुणांची झाली. कोणी कोण, काही लागेना. फक्त ताईंनी मला शिकवलेले 'मामा'सारखे संक्षेप तेवढे धड उतरले. 'मामा' लिहिलं की ओळ यायची, आणि ओळीत ऋषिराज यायचा.

एकदा घाईत ताई त्याला पुसायला विसरल्या. उंब्रजकडच्या कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका तशीच छापून गेली. दोन्ही घरांनी वाचली. मुलाकडच्यांना वाटलं, हे पोरगं मुलीकडचं असेल. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचं. विचारायचं कसं, म्हणून कोणी विचारलं नाही. आहेराच्या वेळी त्याच्यासाठी एक टोपी बाजूला काढून ठेवली होती म्हणे. ती घ्यायला कोणी आलं नाही.

आम्ही हे ऐकून दुकानात हसलो होतो. आम्हाला माहीत नव्हतं. आदल्या आषाढात माधवनगरला ऋषिराजला ताप चढला होता, आणि त्या तापातून तो उठला नाही. असल्या बातम्या छापखान्याला कोण कळवतं? ताई त्याला रोज लिहीत होत्या आणि रोज पुसत होत्या.

अठ्ठ्याण्णवच्या वैशाखाआधी सुभेदार पुन्हा आले. या वेळी धाकट्या आप्पासोचं लग्न.

"मागल्यासारखीच छापा, ताई. नावं तेवढी बदला," असं म्हणून ते ताईंच्या शेजारी बसून नावं सांगू लागले. शेवट आला. ताईंनी 'मामा' लिहून बटण दाबलं. ओळ उमटली.

सुभेदार काचेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्ये नाव काढा."

"का हो काका? आता किती मोठा झाला असेल!" ताई कौतुकाने म्हणाल्या.

"न्हाई झाला मोठा," सुभेदार म्हणाले.

ताईंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा हात तोंडाशी गेला. एवढ्या लग्नांतून आपण हे नाव पुसत आलो, हे त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं. त्यांनी नाव पुसलं आणि त्याजागी क्रांतीच्या धाकट्या मुलीचं, श्रद्धाचं नाव घातलं. सुभेदार प्रूफ बघायला उद्या येतो म्हणून निघून गेले. जाताना त्यांची मान ताठ नव्हती.

ते गेले आणि वीज गेली. परत आली तेव्हा मी माझ्याकडची जपून ठेवलेली प्रत पुढे केली. ती थोडी आधीची होती, त्यामुळे नाव परत होतं. यात काही नवल नाही, मी तसाच बनवलेला आहे. ताईंनी ओळ पुसली आणि सवयीने पुन्हा 'मामा' लिहिलं. नाव परत आलं. हेही नवल नाही. मग ताई घाबरल्या आणि त्यांनी ती ओळ एकेक अक्षर करून लिहिली, संक्षेपाला हातही लावला नाही. काचेवर फक्त श्रद्धाचं नाव होतं. त्यांनी प्रूफ काढलं.

कागदावर दोन्ही नावं होती. ऋषिराज पहिला.

मित्रांनो, मी जे पाहिलं तेच सांगतो. या वेळी मी काही केलं नव्हतं. माझ्याकडे ते नाव नव्हतं, मी ते छपाईला पाठवलं नव्हतं. पंत म्हणाले, "प्रिंटरच्या पोटात जुनं राहिलं असेल." असं म्हणून ते लगेच ताजं लिंबू आणायला गेले. मी आतल्या अंधारात शोधलं. जिथे पुसलेले शब्द पडून असतात, तिथे बाकीचे सगळे होते. त्याची जागा मात्र रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदार आले, आणि सोबत क्रांती होती. ताई प्रूफ लपवायला गेल्या, पण ते क्रांतीने आधीच उचललं होतं. तिने शेवटची ओळ वाचली. ती रडली नाही. तिने पिशवीतून दुसरी एक पत्रिका काढून त्याच्याशेजारी ठेवली. ती उंब्रजची होती.

"ही माझ्या जावंच्या पाव्हन्यांची," ती म्हणाली. "हिच्यात बी हाय त्यो. मी आबास्नी दावली न्हाई. म्हटलं, आपुन घरात त्याचं नाव घेत न्हाई, म्हनून त्यो दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसतोय."

 ताई काहीतरी सांगायला गेल्या. संक्षेपाचं, घाईचं. पण त्यांनाच ते पुरेसं वाटेना.

"पोरी," सुभेदार म्हणाले, "शुभकार्य हाय. गेलेल्याच्या नावाला चिरंजीव लावून छापायचं व्हय? आप्पासोचा संसार सुरू व्हतोय. लोक काय म्हनतील?"

"आवं आबा, वर तुमच्या वडलांचं नाव हाय की. त्ये बी गेल्यातच."

"त्यास्नी कैलासवासी लावलंय. थोरल्यांना लावत्यात तसं. पोरास्नी न्हाई लावत."

"मग पोरांनी कुठं बसायचं, आबा?"

 पत्रिका मी आयुष्यभर लिहिल्या आहेत. थोरल्यांना 'कै.' असतं, लहानांना 'चि.' असतं. जे लहान असतानाच गेले, त्यांच्यासाठी आमच्यात अक्षर नाही. ते नुसते गाळले जातात.

"पुसायचं तर पुसा," क्रांती म्हणाली.  "माझं काय म्हननं न्हाई. पर पुसायच्या आदी एकदा मोठ्यानं वाचा. त्यो गेल्यापास्नं तुमच्या तोंडातनं त्याचं नाव मी ऐकलं न्हाई. एकदा वाचा, मग पुसा."

 सुभेदारांनी चष्मा लावला, प्रूफ हातात घेतलं आणि ते उभे राहिले. का उभे राहिले कोण जाणे. त्यांना बसून वाचता आलं नसावं. त्यांनी पत्रिका पहिल्यापासून वाचायला घेतली. देवीचं नाव, वाडवडलांची नावं, वर, वधू, मुहूर्त. फौजेत हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात. रस्त्यावरचे दोघेतिघे दारात येऊन उभे राहिले. शेवटची ओळ आली.

"आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं," सुभेदारांनी त्याच आवाजात वाचलं, आणि कोणालाही हसू आलं नाही. "ऋषिराज."

नाव घेऊन ते थांबले. हजेरीत नावानंतर थांबतातच, सवय असते. 

"हाय," क्रांती म्हणाली.

सुभेदारांनी कागद खाली ठेवला. चष्मा काढला, पण तो पुसायचं त्यांना सुचलं नाही. ते रडत होते, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"राहू दे, ताई," ते म्हणाले. "पयला हाय, पयलाच राहू दे."

"पुढे काय लावू, काका? चि. ठेवू?" शरयूताईंनी विचारलं.

"काय बी लावू नका. निस्तं नाव ठेवा."

तसंच छापलं. 'ऋषिराज, कु. श्रद्धा.' सुभेदारांनी पहिली पत्रिका रिवाजाप्रमाणे औंधच्या यमाईपुढे ठेवायला दिली. ती घेऊन टेकडी क्रांतीच चढली. बाकीच्या गावभर वाटल्या. लोकांनी वाचल्या. शेवटच्या ओळीपाशी प्रत्येक जण जरा थांबला असणार, पण वावगं कोणी बोललं नाही. लग्न छान झालं, असं पंत जेवून आल्यावर सांगत होते.

आता नव्व्याण्णव संपत आलं आहे. दोन हजार साल लागलं की आम्हा जुन्यांना तारीख कळणार नाही आणि आम्ही वेडे होणार, अशी पेपरात बातमी आहे. त्याआधीच पंतांनी माझ्याहून नवं, माझ्याहून फुगलेलं काहीतरी आणलं. मी ज्या डब्यात राहतो, तो दुकानाच्या माळ्यावर गेला आहे. वर धूळ आहे, एक पाल आहे. डोंगल कधीच काढून घेतलं. म्हणजे खरं तर मी मेलेलो आहे. तरी तुमच्याशी बोलतो आहे, ते तुम्ही फार मनावर घेऊ नका.

माझी तक्रार नाही. जुन्याला माळा ठरलेलाच असतो. फक्त एक मागणं आहे. मित्रांनो, तुमच्या हाती माझ्याहून शहाणी यंत्रं येतील, आणि पुसणं आणखी सोपं होईल. खुशाल पुसा, पुसल्याशिवाय नवं लिहिता येत नाही. पण ते जर कुणाचं नाव असेल, तर पुसायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा. ज्याचं आहे त्याला ऐकू जाईल असं वाचा. एवढी काळजी घ्या.

आणि एक सांगायचं राहिलं. ते लग्न झाल्यावर ताईंनी 'मामा'चा तो संक्षेप काढून टाकला नाही. त्यांच्याच्याने तो काढवला नाही. त्याच हंगामात दुसऱ्या कुणाची तरी पत्रिका लावताना त्यांनी डोळे मिटून 'मामा' लिहिलं आणि बटण दाबलं. मी ओळ पूर्ण लिहिली: आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! पुढे नाव नव्हतं. जागा कोरी होती. ताईंनी ते पुसलं नव्हतं. मीही नाही.